दोन प्रश्नांसाठी आशाताईंचे आभार

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या आहात, तरीही ‘आदरणीय’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे. तुमचे नाव येथे देत नाही, कारण तुम्ही माण तालुक्यातील आपल्या गावच्या ‘आशा’, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका, आणि लहानथोर सगळे तुम्हाला आशाताई म्हणूनच ओळखतात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता तुम्ही तपासणीचा फॉर्म आणि मोजपट्टी घेऊन आमच्या ओट्यावर आलात. ३० वर्षांवरील प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो, वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातील रक्तदाब-मधुमेह यांना गुण असतात आणि बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करून घ्यायची, हे तुम्ही मला नीट समजावून सांगितले. साठीच्या पुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न होते: चालताना तोल जातो का, अंघोळीला किंवा कपडे घालायला कुणाची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का. मी भराभर ‘नाही’ म्हणत गेलो. मग तुम्ही शेवटचे दोन प्रश्न विचारलेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असे होते का? मन उदास, निराश असते का?

त्यालाही मी ‘नाही’ म्हणालो. तुम्ही मात्र ते उत्तर लिहिले नाही. पेन खाली ठेवून तुम्ही पाणी मागितलेत आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहत थोडा वेळ नुसत्या बसून राहिलात. पत्नीला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मुलगे मुंबईत, मुलगी सासरी. मी सकाळी एकदाच भाकरी करीत असे आणि रात्री चहावर भागवीत असे. फोनवर मुले रोज विचारीत, ‘गोळ्या घेतल्या का?’ त्यांच्या काळजीत काही उणे नव्हते, परंतु मनाचे कसे आहे हे त्या सात महिन्यांत मला कुणी विचारलेच नव्हते, आणि कुणी विचारल्याखेरीज ते सांगावे अशी आमच्या पिढीची रीत नाही. त्या दिवशी मी तुमच्यासमोर रडलो. ती गोष्ट गावात कुणाच्याही कानावर गेली नाही, याबद्दलचे ऋण मला सर्वांत मोठे वाटते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमकडे नेलेत. पहाटे उठताना मला घेरी येते, हे मी तुम्हाला ओघात सांगितले होते आणि तुम्ही ते लक्षात ठेवले होते. मॅडमनी आधी बसवून आणि मग उभे करून माझा रक्तदाब मोजला; उभे राहताच तो बराच उतरत होता. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलून त्यांनी माझ्या गोळीचे प्रमाण बदलून घेतले आणि उठण्यापूर्वी दोन मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसण्याची सवय लावली. अर्धपोटी राहून रक्तदाबाच्या गोळ्या घेणे किती धोक्याचे आहे, हेही मला तेव्हाच कळले. मोरीत पडून खुब्याचे हाड मोडलेली आणि पुन्हा अंथरुणातून न उठलेली माणसे मी याच गावात पाहिली आहेत.

उपकेंद्रातल्या बुधवारच्या बैठकीला मी प्रथम केवळ तुमच्या भिडेखातर आलो. हल्ली तेथे आम्ही चौदा-पंधरा जण असतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला धरून एका पायावर उभे राहणे, थोडी प्राणायामाची बैठक, आणि त्यानंतरच्या गप्पा. आपल्याकडच्या कित्येक घरांतील कर्ती माणसे माथाडी कामासाठी मुंबईला आहेत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची आठवड्यातून एकदा तरी कुणाशी गाठ पडते, हे मला व्यायामाइतकेच मोलाचे वाटते. सत्तरीपुढच्यांची वय वंदना कार्डे (मोफत उपचारांसाठीची आयुष्मान कार्डे) काढताना शेतात झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात, तेव्हा एकेकाच्या मुलाला मुंबईला फोन लावून ओटीपी मागवत तुम्ही उन्हात बसून होतात, तेही मी पाहिले आहे.

साधारण १००० लोकसंख्येमागे एक आशा असते आणि तिला पगार नसून मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो, हे मला अलीकडेच समजले. पेन खाली ठेवून माझ्याजवळ बसलात, त्या अर्ध्या तासाचा मोबदला कोणत्याही तक्त्यात बसत नसणार. आशांना मानधन वेळेवर मिळावे, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. बुधवारच्या मंडळींपैकी नऊ जणांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

वरच्या आळीतल्या आजी गेले दोन बुधवार आल्या नाहीत. उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन येतो आणि तुम्हाला कळवतो.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक