शिल्पासमोर लेकरांना बोलू द्या

मा. संपादक,
स. न.

शाळांच्या सहली सुरू झाल्या आहेत. आपल्याकडच्या बस आता देवगिरीचा किल्ला, वेरूळ, बीबी का मकबरा असं सगळं एका दिवसात उरकतील. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी लेकरांच्या वाट्याला येतं ते बहुधा एकटं कैलास लेणं, तेही सरांची शिट्टी वाजेपर्यंत. ग्रुप फोटो झाला की चला. मी परभणी जिल्ह्यात चित्रकला शिकवते आणि ही घाई मला फार सलते.

आमच्या विषयात मुलं चित्र काढायला शिकतात, बघायला शिकत नाहीत. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे. दुसऱ्याने केलेल्या कामाबद्दल चार वाक्यं बोलायला जागा नाही. ज्याचा हात वळत नाही ते लेकरू ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणत कायमचं बाजूला होतं. त्याची नजर कुणी तपासलेलीच नसते.

कैलास लेण्यातलं, कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचं शिल्प घ्या. सहावीच्या मुलांना मी त्याच्यासमोर खाली बसवलं. गोष्ट सांगितली नाही, नुसतं विचारलं, काय काय दिसतंय? आधी सगळे रावणाचे हात मोजत बसले. मग एक मुलगी म्हणाली, “बाई, वरची एक जण पळायली.” कशावरून? “तिचं अंग बघा की, तिकडं निघालंय.” दुसऱ्याला पार्वतीने शंकराचा दंड धरलेला दिसला. मग सगळ्यांनाच प्रश्न पडला, की एवढं हलतंय तर महादेव निवांत कसा? उत्तर शोधता शोधता त्यांची नजर त्याच्या पायावर गेली. अंगठ्याने डोंगर दाबलाय! रावण काळोखात का, हेही त्यांनीच विचारलं. तेव्हा मी सांगितलं, की त्याला खडकात खोल आत कोरलाय, म्हणून त्याच्याभोवती सावली साचते आणि वरची मंडळी उजेडात राहतात.

‘कशावरून?’ हा प्रश्न फार कामाचा आहे. उत्तर चुको की बरोबर येवो, मुलाला पुन्हा दगडाकडेच बघावं लागतं. यासाठी शिक्षकाला कलेचा इतिहास तोंडपाठ लागत नाही, थांबायची तयारी लागते.

आणि वेरूळच कशाला? गंगाखेड तालुक्यात धारासूरचं जुनं मंदिर आहे, देगलूरजवळ होट्टलची मंदिरं आहेत, तेरला संग्रहालय आहे. मंदिरात नेलेली लेकरं दर्शन घेऊन थेट चपलांकडे वळतात. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींकडे, म्हणजे कोरलेल्या स्त्रीमूर्तींकडे, मान वर करायला त्यांना कुणी सांगत नाही. अजिंठा-वेरूळ १९८३ साली जागतिक वारशात गेलं. ज्यांच्या गावाशेजारी हे आहे, त्या मुलांना त्याच्याबद्दल धड बोलता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

शिक्षण विभागाला विनंती, की सहलीला परवानगी देताना एका तरी शिल्पासमोर अर्धा तास बसण्याची अट घालावी. आणि आपल्याला एक मागणं: बालपुरवणीत रंगवायला चित्र देता, तसा एखाद्या रविवारी मराठवाड्यातल्या शिल्पाचा मोठा फोटो छापा. खाली नाव-माहिती नको. मुलांना काय दिसलं आणि कशावरून, तेवढं लिहून मागवा, आणि पुढच्या रविवारी त्यांची पत्रं छापा. पहिला गठ्ठा आमच्या वर्गाचा येईल.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका, जिंतूर