लोंगेवालातील हंटर विमाने
१९७१ च्या भारत-पाक युद्धातील राजस्थानच्या सीमेवरील लोंगेवाला चौकीची लढाई म्हटली की मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब या पायदळ पलटणीचे सुमारे १२० जवान आठवतात, आणि ते योग्यच आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे समोर असताना चौकी न सोडण्याचा निर्णय असामान्य धैर्याचा होता. मात्र जैसलमेरहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांचा वाटा दुर्लक्षित राहतो, याची खंत वाटते. रात्री हल्ला करण्याची सोय नसल्याने ही विमाने उजाडताच झेपावली आणि हवाई संरक्षणाविना वाळूत रुतलेले टी-५९ व शर्मन रणगाडे त्यांना उघड्यावर सापडले. अर्थात, जवानांनी पहाटेपर्यंत तग धरला नसता तर ही संधीच मिळाली नसती. पाठ्यपुस्तकांत पायदळ आणि हवाई दलाचा हा ताळमेळ तपशिलाने यावा.
– एक वाचक, पुणे