पटेलांचे ते पत्र पुरते वाचावे

कोल्हापूर

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी चीन आणि तिबेटसंबंधी नेहरूंना लिहिलेल्या पत्रातला जो चार ओळींचा उतारा तू मोबाइलवर धाडलास, तो खोटा नाही. पण पत्र तेवढेच नाही. आमच्या तालमीच्या कट्ट्यावरही तोच उतारा फिरतो आहे आणि पटेल द्रष्टे, नेहरू भाबडे, असा निकाल चहा संपायच्या आत लागतो. म्हणून मी ते लांबलचक पत्र मुळातून, सावकाश वाचले.

आरंभीच पटेल लिहितात की अहमदाबादहून परतल्यावर जेमतेम पंधरा मिनिटांच्या सूचनेवर मंत्रिमंडळाच्या बैठकीला जावे लागले आणि सगळे कागद वाचता आले नाहीत, याचा खेद वाटतो. त्या ऑक्टोबरात चिनी फौजा पूर्व तिबेटात शिरल्या होत्या. आपण चीनला मित्र मानत असलो तरी चीन आपल्याला मित्र मानत नाही, तिबेटी लोकांनी आपल्यावर भरवसा ठेवला आणि शतकांनंतर प्रथमच भारताला दोन आघाड्यांचा विचार एकाच वेळी करावा लागणार आहे, ही तुझ्या उताऱ्यातली वाक्ये त्यात आहेतच. पेकिंगमधील आपले राजदूत पणिक्कर यांच्यावरही त्यांनी आडपडदा न ठेवता टीका केली आहे.

मला मात्र पत्राचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे गृहमंत्री बोलू लागतो. सीमेवरच्या चौक्या आणि तिथली हेरव्यवस्था, रस्ते, रेल्वे, विमान आणि बिनतारी संदेशाची सोय, आसामपर्यंतच्या सीमावर्ती राज्यांतली अंतर्गत सुरक्षा, तिबेटची राजधानी ल्हासा येथील आपले प्रतिनिधी आणि तिबेटातच ग्यांत्से व यातुंग येथील आपली व्यापारी ठाणी यांचे पुढे काय, ईशान्येकडे भारत आणि तिबेट यांची सीमा मानल्या जाणाऱ्या मॅकमोहन रेषेबाबत धोरण कोणते, असे एकामागून एक मुद्दे मांडून त्यांनी लवकर एकत्र बसून चर्चा करू, असे सुचवले. आपल्याकडे जुन्या कारभाऱ्यांच्या दप्तरात असे टिपण सापडले असते, तर आपण त्याला भविष्यवाणी म्हटले नसते.

पत्र फाइलीत कुजले, हेही खरे नाही. हिमतसिंहजी यांच्या अध्यक्षतेखाली सीमा संरक्षण समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर खातिंग यांनी तिबेट सीमेलगतच्या, आजच्या अरुणाचलातील तवांगमध्ये भारताचा कारभार सुरू केला. नेहरूंचे १८ नोव्हेंबर १९५० चे टिपणही तू वाचावेस. नजीकच्या काळात चीन मोठे आक्रमण करण्याचा संभव फार थोडा आहे आणि पाकिस्तानकडचे लक्ष काढून तिकडे वळवले तर आपण कैचीत सापडू, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पुढे चुकीचा ठरला. पण १९५० सालच्या तिजोरीकडे पाहता तो वेडगळ नव्हता. माझ्या मते नेहरूंचा खरा दोष त्या टिपणात नसून, नंतरच्या दशकात परिस्थिती पालटत असताना तोच अंदाज पुरेशा कठोरपणे पुन्हा तपासला गेला नाही, यात आहे. पटेल १५ डिसेंबरला गेले आणि समोर बसून हुज्जत घालणारा तेवढ्या अधिकाराचा दुसरा माणूस मंत्रिमंडळात उरला नाही.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी आपल्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले, त्याच दिवशी चीनशी चाललेल्या युद्धात लडाखमध्ये रेझांग ला येथे आपले जवान धारातीर्थी पडत होते. त्याच आठवड्यात संरक्षण खाते हाती घेणारे यशवंतराव चव्हाण आपल्या राजाराम कॉलेजचेच विद्यार्थी. त्यांच्यासमोर जे काम येऊन पडले, त्यातले किती मुद्दे बारा वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात होते, हे तू ताडून पाहा.

एका प्रश्नावर माझे मत अजून पक्के होत नाही. तिबेटसंबंधी चीनशी झालेल्या १९५४ च्या करारानुसार ग्यांत्से आणि यातुंग येथील आपल्या सैनिकी तुकड्या आपण मागे घेतल्या. त्या तिथे टिकवणे रसद आणि खर्च यांच्या दृष्टीने शक्य होते का? संरक्षण खात्याच्या हिशेबात तुझी हयात गेली, तेव्हा याचे उत्तर तूच सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ