आईच्या हातचं पाणी प्यायलात, त्याबद्दल

आशाताई, सप्रेम नमस्कार.

आईचा टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला, बेडका निगेटिव्ह आला, वजन वाढतंय. ही बातमी मला तुमच्याकडूनच कळली, तेव्हा ती तुम्हाला काय सांगणार! तरी हे चारचौघांत लिहितेय, कारण आमच्या भावकीतलेही काही जण वाचतील. वाचावंच त्यांनी.

तालुक्याच्या ठिकाणी एक डॉक्टर आईला महिनोन्‌महिने खोकल्याच्या बाटल्या देत होते. दर खेपेला ‘हवा बदललीय’. तिच्या अंगावरचे ब्लाउज ढिले व्हायला लागले तरी हवाच बदललेली. तुम्ही गावच्या आशा सेविका, आमच्याकडे आला होतात शेजारच्या बाळंतिणीचं घर विचारायला. आतून खोकला ऐकलात, तिथंच थांबलात. किती दिवसांपासून आहे, संध्याकाळी कणकण येते का, जेवण जातं का, एवढं विचारलंत आणि दुसऱ्या दिवशी थुंकीची डबी घेऊन हजर. फी नाही, नंबर नाही.

पुढचं सगळं मी लिहीत बसत नाही. एवढंच, की गोळ्यांनी लघवी लाल-नारिंगी होईल हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं नसतं, तर आईनं घाबरून पहिल्याच आठवड्यात औषध सोडलं असतं.

पण हे पत्र गोळ्यांसाठी नाही, त्या पेल्यासाठी आहे.

रोगाचं नाव कळल्यावर घरात आईचं ताट वेगळं झालं. कप वेगळा, तोही कान तुटलेला. झोपायला गोठ्यालगतची खोली. हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या माणसाला खिडकी नसलेल्या खोलीत ठेवायचं, ही आमच्या शहाण्यांची अक्कल! टीबी ताटावाटीतून पसरत नाही, खोली मोकळ्या हवेची द्या, तोंडाला फडकं बांधू द्या, हे तुम्ही सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. माना डोलल्या, कप तोच राहिला.

मग एका दुपारी तुम्ही आलात. सगळे घरात होते. चुलती पाणी आणायला उठली, तर तुम्ही म्हणालात, “तुम्ही बसा, मावशी देतील.” आई जागची हलेना. “मावशी, उन्हातनं आलेय, पाणी देता का नुसतं बघता?” तिनं कचरत पेला भरला. आपल्याकडं पाहुण्यानं वरून पाणी घेतलं तर कुणी काही म्हणत नाही. तुम्ही पेल्याला तोंड लावून, सावकाश, सगळं प्यायलात. आणि वर चहा मागितलात, तिच्याच हातचा.

त्या रात्री आईचा फोन आला. औषधाचं काही बोलली नाही. “माझ्या हातचं पाणी प्याली गं ती,” हेच पुन्हा पुन्हा.

मी राहते हडपसरला. मुंढवा इथून जवळच. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर पाठीवर घेतलं आणि डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात नेलं. लोक सख्ख्या माणसापासून लांब पळत होते, असे ते दिवस. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्याआधी 1868 साली फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. ही दोन कामं मी शाळेत वेगवेगळ्या धड्यांसारखी पाठ केली होती. तुमच्या पेल्यानंतर ती मला एकच वाटायला लागली. विटाळ जातीचा असो की आजाराचा, तो मानणारी माणसं तीच असतात, कारण तेवढं बदलतं.

आता 3 जानेवारी आला की गावोगाव सावित्रीच्या लेकी म्हणून तुमचा सत्कार होतो. गुलाबाचं फूल, फेटा, फोटो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही देशभरातल्या आशांचा गौरव केला. आनंदच आहे. पण कागदावर तुम्ही ‘स्वयंसेविका’, म्हणजे पगार नाही, कामागणिक मोबदला, आणि तोही महिनोन्‌महिने थकतो. कोविडमध्ये घरोघर फिरून ताप मोजायला तुम्हीच. 2024 च्या फेब्रुवारीत हक्काच्या पैशांसाठी आझाद मैदानावर मुक्काम ठोकायलाही आशाच. ज्या बाईनं हक्काच्या लढाईत शेणगोळे झेलले तिच्या नावानं फूल द्यायचं आणि हक्काचं काढलं की तोंड फिरवायचं, हे मला जमत नाही बघायला. फेटा बांधणाऱ्यांनी आधी थकबाकी विचारावी.

तुमच्यासारखी माणसं अजून आहेत याचं मला नवल वाटत नाही. ती नेहमीच असतात, बहुतेकदा डायरी आणि पिशवी घेऊन उन्हातून चालत असतात. नवल याचं वाटतं, की त्यांना आपण एवढं स्वस्तात राबवतो.

त्या तुटक्या कानाचा कप आईनं परवा स्वतःच उकिरड्यावर टाकला. चुलती काही बोलली नाही. यंदाच्या हुरड्याला तुम्ही यायचंच, लेकरांना घेऊन, असं आईनं बजावून सांगितलंय. आणि पुन्हा कधी मैदानात बसायची वेळ आली तर तारीख आधी कळवा. मी रजा टाकून येते. आईही यायचं म्हणते, भाकऱ्या तिच्याकडं लागल्या.

तुमची,
मावशींची थोरली