व्हिएतनाममधल्या हुए शहरातल्या ताईंना एक जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार आहे. याचं इंग्रजी तुमच्या लेकीला वेगळं पाठवलं आहे, ती तुम्हाला वाचून दाखवेल. मराठीत लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्या आईसाठी काय केलंत ते आमच्या लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

परत येऊन बरेच दिवस झाले, तरी तुमच्या स्वयंपाकघराबद्दल कुणाला सांगायला लागले की माझा आवाज दाटून येतो. तुमच्याकडे येईपर्यंत आईचे काय हाल झाले होते ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आधी ते सांगते.

माझी आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, बाबा होते तोवर दोघांची वारी चुकली नाही. मासे-मटण नाहीच, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. मला रजा मिळाली ती ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन श्रावणात. तरी आई यायला तयार झाली, कारण व्हिएतनाममध्ये शंकराची जुनी देवळं आहेत हे तिने कुठेतरी वाचलं होतं. 'मी सन' नावाच्या ठिकाणची ती जुन्या चाम राजांची देवळं, चौथ्या शतकापासून बांधत आलेली, भाजक्या विटांची. श्रावणात शंकराचं दर्शन आणि तेही सातासमुद्रापार, या विचारानेच ती हरखून गेली होती.

ज्या प्रवास कंपनीकडून आम्ही गेलो तिला मी निघण्याआधी पुन्हापुन्हा विचारलं होतं. आई काय खात नाही ते लिहून दिलं होतं. "मॅडम, काही काळजी करू नका, व्हेज, जैन, सगळं मिळतं," असं उत्तर आलं. पहिल्याच मोठ्या हॉटेलात आईसमोर नूडल्सचा वाडगा आला, वर पालेभाजी, खाली हाडं उकळून काढलेलं पाणी. मी विचारलं तेव्हा वाढणाऱ्या मुलाने निरागसपणे सांगितलं की मांसाचे तुकडे काढून टाकलेत. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. राग आहे तो ज्याने आमच्याकडून पैसे घेतले त्याच्यावर. आमच्याबरोबरचा टूर मॅनेजर आईला म्हणाला, "आजी, परदेशात थोडं ॲडजस्ट करावं लागतं." गटातल्या एक बाई हसून म्हणाल्या, "एवढं सोवळं होतं तर यायचंच कशाला?"

आईने त्यांना उलट उत्तर दिलं नाही. ती केळी खाऊ लागली. बरोबर नेलेले राजगिऱ्याचे लाडू आणि दशम्या संपत आल्या होत्या. मी काही मागवते म्हटलं की "मला भूकच नाही गं" असं म्हणायची. मी लेक आहे तिची. भूक नसलेली आई आणि भूक लपवणारी आई यातला फरक मला कळतो. रात्री हॉटेलच्या खोलीत ती पाणी पिऊन झोपायची आणि मी पांघरुणात तोंड खुपसून रडायचे. 'मी सन'च्या देवळासमोर आई हात जोडून उभी राहिली तेव्हा उन्हाने तिला घेरी आली. पोटात अन्न नव्हतं, दुसरं काय.

दा नांगला एका ठिकाणी मी स्वयंपाकाच्या वर्गाची चौकशी केली. निदान आईसमोर शिजेल ते तिला खाता येईल, असा माझा हिशोब होता. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, माशाचं पाणी थोडंसंच असतं, चव लागणारसुद्धा नाही. मी फोन ठेवला. गट पुढे हनोईला गेला आणि आम्ही दोघी हुएला उतरलो. तिथल्या गेस्ट हाऊसच्या मुलीने स्वयंपाक शिकायला तुमचं घर सुचवलं. आता तर मला कुणाचाच भरवसा वाटत नव्हता, खरं सांगते.

ताई, तुमच्याकडे बाजारात कसं गेलो, काय काय घेतलं, त्याबद्दल मी लिहीत नाही. दोंग बा बाजाराचे फोटो हवे तेवढे मिळतात. मला लिहायचं आहे ते तुम्ही चूल पेटवण्याआधी केलंत त्याबद्दल.

तुमची लेक आईचं खाणं-पिणं तुम्हाला समजावून सांगत होती. तुम्ही मान डोलावत होतात. मग तुम्ही आईचा हात धरलात आणि तिला फळीपाशी नेलंत. एकेक बाटली खाली काढून, झाकण उघडून तिच्या नाकाशी धरलीत. सोया सॉस, तिळाचं तेल, तांदळाचा व्हिनेगर. आई हुंगायची आणि मान हलवायची. शेवटी नुओक मामची, म्हणजे त्या माशाच्या पाण्याची, बाटली आली. तिचं झाकण तुम्ही उघडलं नाहीत. नुसती दाखवलीत, मानेनेच "नाही" म्हणालात, आणि बाटली घेऊन मागच्या दाराने बाहेर गेलात. पायरीच्या कडेला ती ठेवलीत. आत आलात, परत वळलात, कोळंबी आंबवून केलेल्या माम रुओकची बरणी उचललीत आणि तीही नेऊन शेजारी ठेवलीत. मग साबणाने हात धुतलेत, कोपरापर्यंत.

हे करायला तुम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. ती बाटली नुसती वापरली नसती तरी चाललं असतं, आमची काही तक्रार नव्हती. पण जिला तुमची भाषा कळत नाही, जिला आधी फसवलं गेलंय, तिला तोंडी शब्दाचा काय उपयोग? तिला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, हे तुम्हाला न सांगता कळलं.

आमच्या वाचकांसाठी सांगते, नुओक माम म्हणजे काय ते. अँकोव्हीसारखे छोटे मासे मिठात घालून मोठ्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरवतात आणि जो तांबूस रस निथळतो तो नुओक माम. व्हिएतनामी घरात तो जेवणात मुरतो, ताटाशी बुडवायलाही लागतो, मिठाच्या जागी तोच असतो. हुएचं जेवण तर माम रुओकशिवाय उभं राहत नाही, तिथल्या प्रसिद्ध 'बुन बो' नूडल्सच्या रश्शाची चव त्याच्यावरच असते. पाहुण्यासाठी ते दाराबाहेर ठेवणं म्हणजे आपल्याकडच्या सुगरणीने मिसळणाचा डबा उचलून अंगणात ठेवण्यासारखं आहे. हात पांगळा होतो बाईचा. ताई, तुम्ही सकाळभर तशाच रांधत होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर आठीही दिसली नाही.

मग तुम्ही वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेली कढई आणि तवे काढलेत. तुमच्या लेकीने सांगितलं की चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तुमच्याकडे 'चाय' जेवण असतं, बुद्धाच्या नावाने शाकाहारी, आणि ही भांडी त्या दिवसांसाठी वेगळी ठेवलेली आहेत. त्यात पक्के नेम पाळणारे कांदा-लसूणही खात नाहीत. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने तुमच्याकडे असं पाहिलं की जणू गावाकडची कुणी वारीत अचानक भेटली. सातव्या महिन्याची पौर्णिमा जवळ आली होती. तुमचा वू लानचा सण, आईवडिलांचं आणि गेलेल्या माणसांचं स्मरण करायचा. त्या दिवसांत अख्खं हुए शाकाहारी जेवणाच्या तयारीला लागतं हे मला तुमच्याकडून कळलं. थिएन मू या बौद्ध मठाचा सात मजली मनोरा आम्ही आदल्या दिवशी पाहिला होता, 1844 सालचा. त्याची उंची, त्याचा राजा, सगळं गाइडने सांगितलं. पण त्या मठातले भिक्षू महायान पंथाचे, म्हणून मांसाहार न करणारे, आणि या गावात आईला पोटभर खायला घालणारी घरं आणि खानावळी जागोजागी आहेत, हे आमच्या प्रवास कंपनीतल्या एकालाही माहीत नसावं? ज्या देशात आपण माणसं नेतो तिथले लोक काय खातात, कधी उपास करतात, याची साधी चौकशीही करू नये?

असो. राग बाजूला ठेवते.

तुम्ही बान्ह ख्वाई शिकवलंत. तांदळाचं पीठ, हळद, पाणी, किंचित मीठ. आईने डावाने पीठ वर उचलून खाली सोडलं, धार बघितली आणि मला म्हणाली, "घावनाचंच पीठ आहे की गं, थोडं दाट." लहानसा जाड तवा, तेल आमच्यापेक्षा सढळ. पीठ पडलं की जो चर्र आवाज होतो तो रत्नागिरीतला आणि हुएतला एकच आहे. वर अळिंब्या, गाजराच्या काड्या, मुगाचे लांब पांढरे मोड, आणि मग अर्धं दुमडून कडा कुरकुरीत होईपर्यंत थांबायचं. तुम्ही पहिलं घातलंत, दुसरं आईच्या हातात दिलंत. तिने तवा उचलून गोल फिरवला आणि पीठ असं एकसारखं पसरलं की तुम्ही टाळ्या वाजवल्यात! त्या दौऱ्यात आईचं कौतुक पहिल्यांदा कुणीतरी केलं. तोवर ती सगळ्यांना अडचण होती.

सोबतची चटणी तुम्ही आंबवलेल्या सोयाबीनची केलीत, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ कुटून घातलेत. एरवी त्यात काळीज घालतात असं लेकीने हळूच सांगितलं. पानात कच्च्या केळीच्या चकत्या, कमरखाच्या पाच कोनांच्या फोडी, पुदिना, आणि ती एका अंगाने जांभळी तिया तो नावाची पानं. पहिली ताटली तुम्ही भिंतीवरच्या देव्हाऱ्यापुढे ठेवलीत, तुमच्या यजमानांच्या फोटोसमोर. उदबत्ती लावलीत. आईनेही हात जोडले. तिला यात काही समजावून सांगावं लागलं नाही, नैवेद्य दाखवल्याशिवाय तीही ताट पुढे घेत नाही.

मग पाटासारख्या त्या ठेंगण्या स्टुलावर बसून माझी आई म्हणाली, "वाढ गं, फार भूक लागली आहे."

ताई, हे वाक्य ऐकायला मी किती आसुसले होते ते तुम्हाला कसं सांगू? ती जेवली. मागून घेऊन जेवली. शेवटी कमळाच्या बियांचं, खडीसाखरेतलं, 'चे' नावाचं गोड तुम्ही दिलंत तेव्हा तिने वाटी तिरपी करून शेवटचा थेंब प्यायला. मी भांडी घासायच्या निमित्ताने उठले, कारण डोळे आवरत नव्हते.

आणि तेव्हा जे घडलं ते तुमच्या पाठीमागे घडलं, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. आई मागच्या दाराने बाहेर गेली. पायरीवरची नुओक मामची बाटली आणि ती बरणी, दोन्ही दोन हातांत धरून आत आली आणि जिथून काढली होती तिथे फळीवर ठेवली. गळ्यात माळ घातल्यापासून तिने अशा वस्तूला हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी थक्क होऊन पाहत राहिले. ती म्हणाली, "तिच्या घरातली आहे. संध्याकाळी तिला लागेल."

मी स्वतः मासे खाते. सुरमईचं कालवण असेल तर दोन घास जास्तच जातात. म्हणजे कुणाचं जेवण शुद्ध आणि कुणाचं नाही, हा माझा मुद्दाच नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या मुस्लिम काकू ईदला आईसाठी शीरखुर्मा वेगळ्या पातेल्यात करतात आणि ते पातेलं आईला दाखवून मग वाटी भरतात. आईही त्यांच्या रोज्यांच्या दिवसांत दुपारी फोडणीचा वास त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेते. दोघी एकमेकींना याबद्दल कधी बोललेल्या नाहीत. जगात अशी माणसं असतात हे मला माहीत होतं. पण परक्या मुलखात, उपाशी आईला घेऊन फिरताना, आपल्याला त्यातलं कुणी भेटेल ही आशा मी सोडून दिली होती. ज्यांना आमची भाषा येत होती, ज्यांच्याकडे आमचा कागद होता, पैसे होते, त्यांना आईची भूक दिसली नाही. तुम्हाला ती दारात उभी राहिली तेव्हाच दिसली. माणसाकडे नीट बघणं यासाठी शिक्षण लागत नाही, परदेशी भाषा लागत नाही, मोठं हॉटेल तर मुळीच लागत नाही. मन लागतं. ते तुमच्याकडे भरून आहे, ताई.

निघताना तुम्ही केळीच्या पानात चार बान्ह ख्वाई बांधून दिलीत, गाडीत खायला. पैसे देऊ केले तर हात मागे घेतलात. त्याचेही आभार राहिले होते, ते आज मानते.

आई बरी आहे. श्रावणी सोमवार सोडला तर हल्ली तिच्या घावनात अळिंब्या पडू लागल्या आहेत, आणि मोडांना ती आता लांब शेपट्या येऊ देते. तिया तोची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून ती पुदिना आणि तुळस मिसळते. चटणी मात्र तुमच्यासारखी जमत नाही, सोयाबीन आंबवायला किती दिवस ठेवता ते लेकीला विचारून कळवायला सांगा.

आणि रत्नागिरीला या. आई म्हणते मे महिन्यात या, हापूस असतो. लेकीलाही आणा. तुम्ही दुधाचा चहा नको म्हणाला होतात हे तिच्या लक्षात आहे. आणखी काय चालत नाही ते आधी कळवा.

तुमची ऋणी,
रत्नागिरीच्या आजींची लेक