बाबांच्या चाली आणि माझा वर्ग

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "संगीतात एम.ए. करणाऱ्या पोरांना करारमदार कसले शिकवतेस? रियाज करू दे त्यांना." तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा, रियाज ती करतातच. बुधवारी मी त्यांना कार्यक्रमाचं बिल करायला सांगितलं. तानपुरा पटकन जुळवणारी मुलगी, पण तिनं रकमेची जागा कोरी सोडली. म्हणाली, "मॅडम, ते आयोजकच ठरवतील ना?" मला तुम्हीच दिसलात, नारळ-शाल घेऊन, पाकीट न उघडता घरी येणारे.

मग मी तुमची कॅसेट वर्गात नेली. तुकोबांचे सहा अभंग, सगळ्या चाली तुमच्या, आणि आतल्या कागदावर छापलंय 'संगीत : पारंपरिक'. मुलं गप्प झाली. एकानं विचारलं, "अभंग तर सगळ्यांचेच, मग हक्क कसला?" त्यावर अख्खा तास गेला. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. राग कुणाच्याच मालकीचा नाही. पण चाल नवी असेल तर ती बांधणाऱ्याची, त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. गाणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क असतो, 50 वर्षांचा.

2012 साली कॉपीराइट कायदा बदलला. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला कायमचा लिहून देताच येत नाही. करारात तसं कलम असलं तरी ते चालत नाही. पण गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे सभासद होऊन रचना नोंदवली नाही, तर तो वाटा पोचायचा कसा? म्हणून मी मुलांकडून नावं, तारखा, कुणी काय बांधलं, हे लिहून घेते. कंटाळतात, पण लिहितात.

"चाल लोकांच्या तोंडी गेली, भरून पावलो," असं तुम्ही म्हणता. ते खरंच आहे, बाबा. पण लोकांना ती तुमची म्हणून ठाऊक असावी, असं मला फार वाटतं.

आई, पेटीशेजारच्या ट्रंकेत बाबांची चालींची निळी वही आहे. पानांचे फोटो काढून पाठव, कोपऱ्यातल्या तारखा दिसतील असे. कंपनीनं सही घेतलेला कागद सापडला तर तोही. मे महिन्यात येते तेव्हा सहाही चाली बाबांच्या आवाजात रेकॉर्ड करू. तोवर बाबांना गार पाणी देऊ नकोस.

तुमची,
मनू