छातीवर दाबणे वेगळे, सुई टोचणे वेगळे

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला ‘चोंगफू’ या बिंदूवरचा, म्हणजे चिनी अॅक्युपंक्चरमध्ये (सुया टोचण्याच्या उपचारात) सुई टोचण्याच्या एका जागेवरचा लेख वाचला. माझी बहुतेक नोकरी छातीरोग विभागात परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे असे काही छापून आले की डोळा तिकडे जातोच. लेख रंजक आहे. पण चित्रात छातीवर नुसता लाल ठिपका देऊन ‘खोकला आणि दम्यासाठी इथे सुई टोचतात’ एवढ्यावर विषय संपवला, ते खटकले.

फुफ्फुसाच्या मेरिडियनवर, म्हणजे चिनी वैद्यकाने शरीरावर मानलेल्या त्या रेषेवर, ११ बिंदू, त्यांतला चोंगफू पहिला. हात कमरेवर ठेवला की कॉलरबोनच्या खाली, खांद्याच्या बाजूला एक त्रिकोणी खळगा उमटतो. तो युनमेन, त्याच रेषेवरचा दुसरा बिंदू. त्याच्याखाली एक त्सुन, पहिल्या आणि दुसऱ्या बरगडीच्या मधल्या फटीत, चोंगफू. त्सुन म्हणजे अंगठ्याच्या सांध्याची रुंदी. तीही रुग्णाच्या अंगठ्याची, टोचणाऱ्याच्या नव्हे! सगळ्यांना एकच सेंटीमीटरचे माप कसे चालेल?

आता मुद्द्याचे. त्या फटीच्या आत लगेच फुफ्फुस असते. सडपातळ माणसात तर फारच जवळ. सुई सरळ खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडते, भोवती हवा साठते आणि फुफ्फुस आकसते. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. म्हणून चिनी पद्धतीच्या पाठ्यपुस्तकांतही इथे सुई तिरकी, बाहेरच्या बाजूला वळवून घालायला सांगितलेले असते. पाठीवरच्या फेइशू या बिंदूवरही सरळ खोल सुई अशीच धोक्याची.

त्रास लगेच होईल असेही नाही, कधी काही तासांनी सुरू होतो. एका बाजूला कळ, कोरडा खोकला, धाप. दम्याचा रुग्ण हा नेहमीचाच दमा समजून पंप ओढत बसतो. असा एक तरुण आमच्या वॉर्डात आला होता. एक्स-रे पाहिल्यावर डॉक्टरांनी लगोलग छातीत नळी घातली. पोरगा विचारत होता, “सुई तर केसाएवढी होती, मग हे कसं?”

बोटाने हलके दाबायला माझी हरकत नाही. कुणाला त्याने बरे वाटत असेल तर वाटो. मात्र दम्यावर अॅक्युपंक्चरची शिफारस करण्याइतका पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात मिळालेला नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेला पंप त्यापायी बंद करू नये. पुढच्या अंकात त्या चित्राखाली हा इशारा ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त परिचारिका